डाव्या बाजूचा मागचा दिवा

अण्णांच्या डोळ्यांतून रंग गेले ते एकदम नाही. आधी हिरवा आणि तपकिरी एकमेकांत मिसळले. मग लाल तारेला ते काळी म्हणू लागले. उजवा डोळा तर आधीच गेलेला होता. लढाईच्या काळात ते लष्कराच्या वर्कशॉपात मोटारींच्या वायरिंगचं काम करत, तेव्हा बॅटरीचं तेजाब उडालं होतं. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर टाकलं, मागे एक खोली बांधली आणि नगरकडच्या आमच्या गावाहून आईला आणि मला आणलं. गाड्यांचे दिवे, हॉर्न, डायनामो, बॅटऱ्या, एवढंच काम ते करत. इंजिनाला हात लावत नसत. "इंजिन आवाज करून सांगतं काय दुखतंय ते. वीज सांगत नाही, तिला विचारावं लागतं," असं म्हणत. मी इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्गात, गेले तेव्हा त्यांचा डावा डोळाही मोतीबिंदूने पिकायला लागला. ज्याचं सगळं काम तारांच्या रंगांवर, त्याला रंग दिसेनासे झाले.

हे आम्ही कुणाला कळू दिलं नाही. छपराच्या पुढच्या बाजूला आईने गोणपाटाचा पडदा शिवून लावला. रस्त्याची धूळ येते म्हणून, असं सांगायचं. गाडी पाठमोरी आत घ्यायची, पडदा सोडायचा. अण्णा नट उघडायचे, दिव्याची काच काढायचे, आणि मी तारा बघायचे. तार कुठली कुठे गेली, कुठे हिरवी बुरशी धरली, कुठे कापडी वेष्टण उसवलं, ते मी हळू आवाजात सांगायचे, आणि ते ऐकून अण्णा दुखणं ओळखायचे. आमच्या घरात मात्र वीज नव्हती. मी रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करायचे, आणि तारा जोडायला राळ लावून कथलाचा डाग द्यायची तांब्याची सळई आईच्या चुलीत तापायची. एका बाजूला भाकरी फुगतेय आणि दुसऱ्या बाजूला सळई लाल होतेय, असं रोजचं चित्र. राळेचा वास भाकरीला लागतो म्हणून आई कुरकुरायची. तो वास खरंच लागायचा. शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि राळेच्या वासाची बाजरीची भाकरी, हे माझ्या लहानपणाचं जेवण. आता हिंजवडीला नोकरीला जाणारा माझा नातू घरात काही सर्किट घेऊन बसतो आणि डाग देतो, तेव्हा त्या धुराने मला अजून भूक लागते.

अण्णा मला शिकवत होते असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. आपल्याला राबवून घेतायत असंच वाटायचं. पण शिकले ते अजून विसरले नाही. दोन तारांना बांधलेला एक बल्ब, एवढंच त्यांचं तपासायचं यंत्र. एक टोक गाडीच्या पत्र्याला, दुसरं तारेला. बल्ब लागला तर तिथपर्यंत वीज येतेय, नाही लागला तर मागे चला. ते म्हणायचे, "दिव्याकडे वीज तारेतून जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्रा गंजला की ती परतीची वाट शोधत भलत्याच दिव्यात शिरते. म्हणून विझलेल्या दिव्याच्या आधी त्याची बैठक बघावी." तारेचा सांधा सैल असेल तर तो तापतो, म्हणून ते हाताची पालथी बाजू तारेवरून फिरवत जायचे आणि बरोबर सांध्यापाशी थांबायचे. काम झालं की शेवटी दार, डिक्की, बॉनेट सगळं दोनदोनदा आपटून बघायचं. "रस्ता काय गाडीला फुलासारखी नेणार न्हाई," असं म्हणायचे. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

आमचं गुपित बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं. चाकणच्या एका कांद्याच्या अडत्या शेठची जुनी काळी विलायती गाडी होती, आणि ती चालवायला बाबूभाई होते. उंच, सावळे, डोक्याला रुमाल, बोलणं अर्धं मराठी, अर्धं त्यांचं घरचं उर्दू. ते अण्णांचे वर्कशॉपातले सोबती. एकदा पाण्याचा डबा घ्यायला म्हणून त्यांनी पडदा उचलला, आणि मी गाडीखाली आडवी पडलेली त्यांना दिसले. त्यांनी पडदा सोडला आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. जाताना अण्णांना फक्त म्हणाले की पोरीला खाली पोतं टाकून देत जा, फरशी गार आहे. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच एक जाड घोंगडी आणली. कुणाला काही बोलले नाहीत.

आणि मला मात्र त्या सगळ्याची लाज वाटायची. शाळेत नखं तपासायचे. माझ्या नखांच्या कडा कायम काळ्या. रॉकेलने घासा, लिंबाने घासा, चुलीतल्या राखेने घासा, काळं जायचं नाही. वर्गात माझ्या शेजारी नलू बसायची, स्टेशनातल्या तारबाबूंची मुलगी. तिचे हात पांढरे, बोटांना मेंदीचा वास. ती मला एकदा सहज म्हणाली होती, तुमच्याकडे खूप स्वयंपाक असतो का गं, तुझे हात नेहमी काजळलेले असतात. मी हो म्हणाले. चुलीचं काळं सांगायला मला लाज वाटली नाही, तारेचं सांगायला वाटली. वडील आंधळे होत चाललेत आणि त्यांच्या जागी मी काम करते, यात लाजण्यासारखं काय होतं, हे मी आज विचारते. तेव्हा सोळाव्या वर्षी मला त्याहून मोठी लाज कुठली ठाऊक नव्हती.

मॅट्रिकच्या वर्षातली गोष्ट. नवरात्र चालू होतं, आणि नलूने मला तिच्या घरी भोंडल्याला बोलावलं. स्टेशनाजवळच्या बंगलीवजा घरात, अंगणात, वर्गातल्या सगळ्या मुली. मला असं कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी दोन दिवस आधीपासून हात घासत होते. आईने तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या काठाचं परकर-पोलकं काढून ठेवलं होतं. पिंपरीच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की वेणी घालायची, असं ठरवलं होतं.

भोंगा झाला आणि बाबूभाई गाडी घेऊन आले. ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा उजळायच्या ऐवजी विझायचा. शेठला दुसऱ्या दिवशी नाशिकला जायचं होतं, म्हणून आज काम होणं भाग होतं. अण्णांनी ऐकल्याबरोबर सांगितलं, बैठक गंजलीय. पडदा सोडला. मी जुना फ्रॉक चढवून घोंगडीवर बसले. अण्णांचं निदान बरोबर होतं. दिव्याच्या बैठकीखाली तांबेरा धरला होता. मी तो पॉलिश कागदाने खरवडला, पत्रा चांदीसारखा निघाला, स्क्रू आवळला, आणि अण्णांनी आत बसून ब्रेक दाबला तसा दिवा झक्क लागला. सगळं मिळून पाव तास लागला असेल. अण्णा मागचे दिवे चालूच ठेवून बाहेर चहाला गेले. मला इतका आनंद झाला की मी उठून डिक्की लावली.

डिक्की लागताना तो दिवा झपकला. एकदाच, डोळ्याची पापणी लवावी तसा. मी डिक्की उघडली, दिवा लागलेला. आत हात घालून बघितलं. डिक्कीच्या बिजागरीजवळून मागच्या दिव्यांची तार जात होती, आणि तिथे तिचं कापडी वेष्टण घासून घासून चिंध्या झालं होतं. आतलं तांबं दिसत होतं. हा दुसराच दोष होता, आणि पहिल्याहून वाईट. तांबं पत्र्याला टेकलं की फ्यूज उडणार आणि मागचे दोन्ही दिवे एकदम जाणार. पुढचे दिवे चालूच राहणार, त्यामुळे चालवणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. हे सगळं मला कळलं. न कळण्याची चूक मी केली नाही, हे मला इथे लिहून ठेवायचंय. मागची सीट काढून, जुनी तार ओढून, नवी घालायची म्हणजे तास-दीड तास. ऊन उतरायला लागलं होतं. मी काळी चिकटपट्टी घेतली, जिथवर हात पोचला तिथवर तारेला गुंडाळली, आणि डिक्की दोन्ही हातांनी हळूच दाबून लावली.

पडदा वर केला. अण्णा आणि बाबूभाई बाकावर चहा पीत होते. बाबूभाई उठून मागे आले आणि म्हणाले, "मघाशी पडद्याखालून मला लाइट झपकल्यासारखा वाटला, बेटी."

"आता नाही झपकणार," मी म्हणाले.

अण्णांनी कप खाली ठेवला. "डिक्की आपटून बघितलीस?"

"बघितली."

अण्णांनी मान हलवली. माझ्या शब्दावर ते उठलेसुद्धा नाहीत. मी आत पळाले, हात घासले, परकर-पोलकं घातलं, आणि वेणीत शेवंती माळून मागच्या दाराने निघाले तेव्हा गाडी भोसरीच्या दिशेने वळत होती. मागचे दोन्ही दिवे मी लांबून बघितले. उजेड होता म्हणून ते लागलेत की नाहीत ते दिसलं नाही.

भोंडला फार छान झाला. पाटावर तांदळाचा हत्ती काढला होता. आम्ही फेर धरला. माझ्या एका हातात नलूचा हात होता आणि तिने तो झटकला नाही. खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा सगळ्या हरल्या आणि मी ओळखली, ओल्या नारळाच्या करंज्या. नलूच्या आईने मला सगळ्यांत आधी करंजी दिली. त्या करंजीची चव मला आजही आठवते आणि आठवावीशी वाटत नाही, कारण मी ती खात होते त्याच सुमाराला कुरुळीच्या वळणावर गुरं घरी परतत होती. रस्ता ओलांडणाऱ्या गुरांसाठी बाबूभाईंनी गाडी थांबवली. धूळ उठलेली, दिवेलागणीची वेळ. मागून चाकणला जाणारा कांद्याचा ट्रक येत होता. त्याला पुढे गाडी उभी आहे हे धडकेपर्यंत दिसलं नाही. गाडी पुढच्या बाभळीवर जाऊन आपटली आणि बाबूभाईंचा उजवा पाय आत चेपला गेला. पुण्याच्या इस्पितळात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं, शेठ स्वतः आले तेव्हा. बरोबर पुण्याचा एक मिस्त्री होता. मी शाळेतून येऊन पडद्यामागे भाकरी खात होते. शेठ आरडाओरडा करणारे नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. मग मिस्त्रीने खिशातून हातभर तार काढली. एका टोकाला काळी पट्टी होती, आणि पट्टी जिथे संपत होती तिथून बोटभर अंतरावर तांबं जळून काळं पडलं होतं.

शेठ म्हणाले, "अण्णा, ही पट्टी कुणी गुंडाळली?"

अण्णांनी तार हातात घेतली. डोळ्यांपाशी नेली नाही. अंगठ्याने पट्टीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे चाचपलं. मी पडद्याच्या भोकातून बघत होते. मी डावखुरी आहे. माझी पट्टी उलट्या बाजूने फिरते. अण्णांना ती ओळखायला डोळे लागत नव्हते.

"मीच," अण्णा म्हणाले.

"आणि तपासलं नाही?"

"न्हाई. चुकलं."

मिस्त्री काही तरी पुटपुटला. मग त्याने अण्णांच्या तोंडापुढे बोटं हलवली, मुकाट, जसं लहान मुलाला खेळवतात तसं. अण्णांना ती दिसली नाहीत. शेठना ते दिसलं. ते एवढंच म्हणाले, "तुला दिसत न्हाई, अण्णा. आंधळ्याच्या हाती आम्ही दिवे देत होतो."

मला फक्त पडदा बाजूला करायचा होता. चार पावलं होती. तोंडात घास होता, तो मी गिळलाही नाही आणि थुंकलाही नाही. आई चुलीपाशी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला काय कळलं होतं मला ठाऊक नाही, पण ती मला जा म्हणाली नाही आणि थांबही म्हणाली नाही. मी गेले नाही. गाडी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत मी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मोरीपाशी तोंड धूत होते, मी पाणी घालत होते. ते म्हणाले, "शके, तू परकराची घडी मोडत होतीस ते मला ऐकू येत होतं. घाईत आहेस हे कळत होतं. मी उठून एकदा डिक्की आपटायला हवी होती. चूक माझीच हाय." मी म्हणाले नाही, अण्णा, माझी आहे. निदान एवढं तरी मी म्हणाले असेन असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. पण खरं आठवायला बसले तर मला फक्त तांब्यातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज आठवतो.

अण्णांना दिसत नाही ही गोष्ट आठवड्याभरात देहूरोडपासून भोसरीपर्यंत झाली. आमच्या पत्र्याखाली गाड्या यायच्या थांबल्या. अण्णा मग बॅटऱ्यांमध्ये पाणी घालायचं, त्यांची टोकं घासून साफ करायचं काम करू लागले. ते हाताने, वासाने जमायचं. पडदा आईने काढून टाकला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि माझी नखं पांढरी झाली. नलूने ते लगेच ओळखलं. आता किती छान दिसतात गं तुझे हात, म्हणाली.

बाबूभाईंनी पोलिसांना काय सांगितलं ते हळूहळू कानावर आलं. गाडी निघण्याआधी दिवे बघणं ड्रायव्हरचं काम, मी बघितले नाहीत, असं त्यांनी लिहून दिलं होतं. अण्णाला दिसत नाही हे तुला ठाऊक होतं का, असं शेठने विचारलं, त्यालाही ते नाही म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. घेतलं असतं तर त्यांच्यावरचा अर्धा बोल गेला असता. शेठने त्यांना कामावरून काढलं ते निष्काळजी म्हणून.

संक्रांत झाल्यावर आईने तिळगुळाचा डबा दिला आणि बाबूभाईंना देऊन ये म्हणाली. मी एकटी एस.टी.ने चाकणला गेले. मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. वाटेत वाक्यं जुळवली होती. कुरुळीचं वळण आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. घर बाजाराच्या मागे, एका खोलीचं. बाबूभाई बाजेवर बसून गोणपाटाच्या पिशव्या शिवत होते. पायावर चादर होती, आणि एका बाजूला ती सपाट होती. त्यांच्या बायकोने, चाचींनी, मला जवळ घेतलं, चहा ठेवला. बाबूभाईंनी तिळगूळ खाल्ला, अण्णांचे डोळे कसे आहेत विचारलं, आणि चाची पाणी आणायला बाहेर गेल्या तसे सुई खाली ठेवून म्हणाले, "बेटी, एक विचारू? रागाने न्हाई विचारत. तू कामाला कच्ची न्हाईस, मी बघितलंय. त्या दिवशी जल्दी कशाची होती तुला?"

भोंडला होता, हे मी त्या सपाट चादरीकडे बघत सांगूच शकले नाही. हत्ती, फेर, करंजी, नलूचा हात, यांतलं काहीही त्या खोलीत उच्चारण्यासारखं नव्हतं.

"परीक्षा होती," मी म्हणाले. "मॅट्रिकचा अभ्यास राहिला होता."

त्यांचा चेहरा बदलला. मी खरं सांगितलं असतं तर तो कसा झाला असता ठाऊक नाही, पण असा नक्की झाला नसता. तो मोकळा झाला. "अभ्यास," ते म्हणाले. "तेच मी हिला सांगत होतो, पोरगी उगाच करणार न्हाई. मग ठीक आहे. मग शीक, बेटी. मनावर घेऊ नको." चाची आत आल्या तेव्हा त्यांनी त्यांनाही सांगितलं. दोघांना ते ऐकून खरंच बरं वाटलं. मी चहा प्यायले आणि परत आले.

त्यानंतर मी अभ्यास केला. चिमणी काजळेपर्यंत केला, कारण दुसरं काही करायला तोंड नव्हतं. पुढे मी शिक्षिका झाले, तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, आणि वीज शिकवताना परतीच्या वाटेचा धडा आला की माझा आवाज बसायचा. मुलींना वाटायचं बाईंना खडूची धूळ बाधते. बाबूभाई जिवंत असेपर्यंत मी दर वर्षी त्यांच्याकडे जात राहिले. दर वर्षी आज सांगू म्हणून जायचे.

त्या वर्षी मॅट्रिकचा निकाल लागला आणि मी पास झाले. बाबूभाई चाकणहून एस.टी.ने आले, काखेत कुबडी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. अण्णांच्या शेजारी बाकावर बसले, कुबडी भिंतीला टेकवली, आणि रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना हाका मारून पेढे देऊ लागले. "अण्णाची पोरगी मॅट्रिक झाली," ते सांगत होते. "लई अभ्यास केला तिने. माझा पाय वाया गेला न्हाई."

अण्णा ऐकत होते. त्या संध्याकाळी मी कुठे गेले होते हे त्यांना ठाऊक होतं. परकराच्या घडीचा आवाज त्यांनी ऐकला होता, शेवंतीचा वास घेतला होता. त्यांनी तोंड माझ्या दिशेने वळवलं. मला वाटलं आता ते सांगतील. सांगावं असंही वाटलं.

"शके," ते म्हणाले, "पाया पड त्यांच्या."

मी वाकले. बाबूभाई अवघडून बाकावरून उठून उभे राहिले. त्यांच्यात असं पाया पडत नाहीत. नको, नको, म्हणत ते पाऊल मागे घेऊ लागले, पण एकाच पायावर सगळा भार होता आणि कुबडी भिंतीशी होती. त्यांना ते मागे घेता आलं नाही.